पाण्याचे पंचांग

श्रावणातली पौर्णिमा आली की पालघर जिल्ह्यात झाईपासून अर्नाळा-वसईपर्यंतच्या कोळीवाड्यांना वेगळीच जाग येते. पावसाळाभर शाकारून ठेवलेल्या नौकांवर नवा रंग चढलेला असतो, जाळी दुरुस्त होऊन दोरांच्या वेटोळ्यांसह ओटीवर येऊन बसलेली असतात आणि सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्याकडे निघतो. समुद्राने आता शांत व्हावे, आपल्या माणसांना सांभाळावे आणि जाळ्यात घास घालावा, एवढेच मागणे त्या नारळासोबत पाण्यात जाते. आपल्यापैकी अनेकांच्या घरातून आज कोणी समुद्रावर जात नाही. बोईसरच्या कारखान्यातली पाळी, पालघरच्या कचेरीतली खुर्ची किंवा चिंचणी-डहाणूकडची वाडी हाच आपला उदीम. तरीही नारळीभाताचा वास त्याही घरांतून दरवळतो, कारण या किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाचे वर्ष कुठे ना कुठे समुद्राच्या वर्षाला बांधलेले आहे. म्हणून या दिवशी नारळ वाहून झाल्यावर क्षणभर थांबावे आणि ज्या पाण्याला आपण तो वाहिला, ते पाणी पूर्वीचेच आहे का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

ही तिथी मोठी फिरती आहे. 2020 साली नारळी पौर्णिमा 3 ऑगस्टला आली होती. 2023 साली अधिक श्रावण पडला आणि तीच पौर्णिमा थेट 30 ऑगस्टला गेली. सरकारची तारीख मात्र फिरत नाही. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असते आणि ती संपताच कित्येक नौका पौर्णिमेची वाट न पाहता बंदरातून सुटतात. एकाच समुद्रावर तिथीचा आणि तारखेचा असा दुहेरी हिशेब चालतो. त्याखेरीज तिसराही एक हिशेब आहे, जो कोणत्याही दिनदर्शिकेत छापलेला नसतो आणि मासा मात्र तोच पाळतो. तो हिशेब पाण्याच्या तापमानाचा.

चंद्राचा हिशेब आपल्या कोळी बांधवांना शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक असतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाच्या पाण्याला ओढ जबरदस्त, भांगाचे पाणी मंद. पालघरच्या समुद्रात डोलीची जाळी याच ओढीवर जगतात. समुद्राच्या तळात खुंट रोवून कव उभी करायची, तिला लांबट पिशवीसारखे जाळे बांधायचे, त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवायचे, आणि भरती-ओहोटी जे घेऊन येईल ते स्वीकारायचे. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा असा सारा पसारा त्या पिशवीत शिरतो. इथे मासा शोधत कोणी फिरत नाही. चंद्र पाण्याला ओढतो, पाणी माशाला आणते. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक कोकणाच्या दक्षिण भागापेक्षा कितीतरी मोठा, म्हणूनच डोल इथे इतकी रुजली आणि बोंबील वाळवण्याच्या वलांडी इथल्या वाळूवर इतक्या दूरवर पसरल्या.

तापमान मात्र सूर्याचे आणि वाऱ्याचे अंकित आहे. अरबी समुद्राला वर्षात दोन उन्हाळे असतात. एप्रिल-मे महिन्यांत पृष्ठभागाचे पाणी 29-30 अंशांवर जाते. मग नैर्ऋत्य मोसमी वारा सुटतो, ढग दाटतात, लाटा पाणी ढवळतात आणि समुद्र निवतो. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात तो पुन्हा तापतो. त्यानंतर उत्तरेकडून कोरडा, गार वारा उतरतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या बाजूचे पाणी 24-25 अंशांच्या आसपास येते. या थंडीत फार मोलाचे काम घडते. वरचे पाणी गार होऊन जड होते, खाली बसते, आणि खालचे क्षारयुक्त पाणी वर येऊन उजेडाला लागते. त्या क्षारांवर सूक्ष्म वनस्पती-प्लवक वाढतात, त्यांच्यावर प्राणी-प्लवक, त्यांच्यावर लहान मासळी आणि तिच्यामागून सुरमई, घोळ, कुपा. शेतात नांगरणीने जे साधते ते उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याचा वारा साधतो.

तेव्हा मासा कुठे मिळेल, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी पाणी कुठे किती ऊन आहे यात दडलेले असते. बहुतेक माशांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. भोवतीच्या पाण्याइतकेच त्यांचे अंग गार किंवा गरम. एखाददुसऱ्या अंशाचा फरक आपल्याला ओंजळीत कळणारही नाही, पण माशाची भूक, श्वास, पोहण्याचा वेग आणि अंडी घालण्याची वेळ त्या फरकावर बदलते. पाणी जितके उष्ण तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली. म्हणून तो सरकतो. कधी किनाऱ्यापासून दूर, कधी उत्तरेला, कधी चार वाव अधिक खोल. आणि जिथे गार व ऊन पाण्याच्या कडा एकमेकींना भिडतात तिथे खाद्य साचते, लहान मासळी जमते आणि मोठी तिच्या मागे येते. पाण्यावर तरंगणारा कचरा एका रेषेत जमलेला, पाण्याचा रंग अचानक पालटलेला, पक्षी एकाच जागी घिरट्या घालणारे, ही त्या कडांची खूण जुन्या तांडेलांनी कुठल्याही यंत्राविना ओळखली होती.

आज तीच कड आकाशातून पाहता येते. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था 1999 साली उभी राहिली. उपग्रहांनी टिपलेले पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य एकमेकांवर ठेवून, मासळी जमण्याचा संभव कुठे आहे हे ती संस्था सांगते. अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीवर, असा तो सल्ला मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांतून मिळतो. डिझेलचा खर्च हाच ज्या फेरीचा सर्वांत मोठा खर्च असतो, त्या फेरीत शोधाशोधीचे काही तास वाचले तरी नाखव्याच्या आणि खलाशांच्या वाट्यात फरक पडतो. हे विज्ञान खरे आहे, उपयोगाचे आहे आणि त्यामागे आपल्याच देशातल्या माणसांचे कष्ट आहेत, याचा अभिमान आपण बाळगायला हवा.

परंतु त्याच्या मर्यादाही आपण समजून घेतल्या पाहिजेत, आणि त्या नेमक्या आपल्याच किनाऱ्यावर अधिक जाणवतात. उपग्रह पाण्याची उष्णता अवरक्त किरणांनी मोजतो, आणि ढगांच्या आडून ती त्याला दिसत नाही. नारळी पौर्णिमेला, म्हणजे मोसमाच्या अगदी पहिल्या फेऱ्यांना, आपल्या डोक्यावर ढगच असतात. मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज असते तेव्हाच आकाशातला डोळा अर्धवट मिटलेला असतो. शिवाय पालघरचे किनारी पाणी वैतरणेच्या आणि उत्तरेकडच्या तापी-नर्मदेच्या गाळाने गढूळ, आणि जोरदार भरती-ओहोटीने तळापासून ढवळलेले. इथे गार-ऊन पाण्याची स्पष्ट कड सापडणे कठीण, आणि गढूळपणात हरितद्रव्याचा अंदाजही चुकतो. हा सल्ला जास्त लागू पडतो तो बाहेरच्या खोल पाण्यात, तारली, बांगडा, कुपा अशा वरच्या थरात थव्याने फिरणाऱ्या मासळीला. जागेवर उभ्या असलेल्या कवीला तो काय सांगणार? तिला तर मासा जागेवरून सरकला की रिकामी पिशवी एवढेच कळते.

आणि मासा सरकतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार 1950 ते 2020 या काळात हिंदी महासागराचा पृष्ठभाग दर दशकाला सुमारे 0.12 अंशांनी तापत गेला. सात दशकांत हा आकडा पाऊण अंशाच्या पुढे जातो. त्याच संशोधकांनी 2016 साली दाखवले की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांमध्ये वनस्पती-प्लवक 20 टक्क्यांपर्यंत घटले असावेत. कारण समजायला सोपे आहे. वरचे पाणी जितके उष्ण आणि हलके, तितके ते झाकणासारखे खालच्या थरावर बसून राहते आणि खालचे क्षार वर येईनासे होतात. हिवाळ्याच्या वाऱ्याला तेच काम करायला आता अधिक जोर लागतो.

तारलीचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. एके काळी ही मासळी केरळ आणि कर्नाटकाचीच समजली जाई. पाणी तापू लागले तसा गेल्या शतकाच्या अखेरीपासून तिचा वावर उत्तरेला पसरला, आणि महाराष्ट्र-गुजरातच्या जाळ्यांतही ती मोठ्या प्रमाणावर येऊ लागली, हे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवले. खुद्द केरळात मात्र 2012 साली चार लाख टनांच्या घरात गेलेले तिचे उत्पादन 2021 साली साडेतीन हजार टनांच्याही खाली घसरले. त्यात अतिमासेमारीचा वाटा आहे, 2015-16च्या तीव्र एल निनोचाही आहे. पण ज्या गरीब घरांचे रोजचे कालवण तारलीवर चालत होते, त्यांना कारणांची वाटणी करून काय मिळणार? पानातला मासा गेला, एवढेच त्यांच्या वाट्याला आले.

आपला जीव मात्र पापलेटात अडकलेला आहे. सातपाटीचे नाव घेतले की देशभरच्या बाजाराला पापलेटच आठवते. 2023 साली महाराष्ट्राने चंदेरी पापलेटाला राज्यमासा केले तेव्हा आपल्या जिल्ह्याला घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखे वाटले. ते वाटणे योग्यच होते. तरी ज्याला मान दिला त्याचे पुढे काय होते आहे, हेही पाहिले पाहिजे. सातपाटी, वडराई, मुरबे, नवापूर इथले नाखवे सांगतात की पूर्वी ज्या खोलीत जाळे टाकून भागत असे, तिथून आता बरेच पुढे जावे लागते आणि मोठा, भरलेला पापलेट दुर्मीळ झाला आहे. याचा सारा दोष तापमानावर ढकलणे सोयीचे होईल, पण खरे होणार नाही. बारीक आसाच्या जाळ्यांतून वाढ न झालेली पिल्ले टनांनी उचलली गेली, पर्ससीन आणि ट्रॉलर यांचा भार वाढला, खाड्यांतून कारखान्यांचे सांडपाणी उतरले. तापमान या सगळ्यावर येऊन बसले आहे. आधीच थकलेल्या साठ्याला उष्ण पाण्यात पुन्हा उभे राहणे दुप्पट जड जाते, आणि म्हणूनच जे आपल्या हातात आहे ते आपण आधी सुधारले पाहिजे.

तापलेल्या पाण्याचा दुसरा हिशेब वादळांचा आहे. चक्रीवादळाला बळ लागते ते साधारण 27 अंशांच्या पुढच्या पाण्याचे, आणि अरबी समुद्र ते आता अधिक सढळ हाताने देतो. 2019च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळे लागोपाठ उठली आणि दिवाळीच्या सुमाराचा ऐन मोसम नौकांनी बंदरात बसून काढला. 2020च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले. 2021च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ने मुंबईच्या पश्चिमेला बार्ज बुडवले, आणि नांगर तुटून भरकटलेले दुसरे एक बार्ज आपल्याच पालघरच्या किनाऱ्यानजीक येऊन रुतले. अशा वर्षांत बंदीचे 61 दिवस कागदावर तेवढेच राहतात. प्रत्यक्षात इशाऱ्यांमुळे बुडणारे दिवस त्यात मिळवले तर मोसम किती उरतो, याची गणती कोणी मांडत नाही. कर्जाचे हप्ते मात्र बारा महिन्यांचेच असतात.

मासा हलला की माणसेही हलतात, आणि माणसे हलली की सीमा आठवतात. उत्तर अटलांटिकातला मॅकरेल साधारण 2007 नंतर आइसलँडच्या पाण्यात शिरला आणि त्या थंड, शिस्तीच्या देशांमध्ये वर्षानुवर्षे चाललेला कोट्याचा वाद उभा राहिला. आपल्याकडे डोलीच्या कवींचा वाद त्याहून जुना आहे. कोणत्या गावाच्या समोर कोणी कव मारायची, यावरून डहाणू-सातपाटीकडचे आणि वसई-उत्तनकडचे बांधव कितीदा आमनेसामने आले. दोन्ही बाजूंना पोट आहे आणि दोन्ही बाजूंचे कूळ एकच. जवळच्या पाण्यात पुरेसे मिळत होते तोवर पूर्वजांनी तोंडी ठरवलेल्या हद्दी टिकल्या. मिळकत आटली की तोंडी शब्द तोकडा पडू लागतो. आणि ज्यांच्याकडे ना नौका ना कव, ते डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण खलाशी म्हणून पोरबंदर-ओख्याच्या नौकांवर चढतात, मासळीमागे सागरी सीमेपर्यंत जातात, आणि त्यांतले कित्येक कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतात. 2021च्या नोव्हेंबरात वडराईचा एक खलाशी त्या सागरी सीमेजवळच्या गोळीबारात गेला. पाण्याच्या नकाशावर सरकणाऱ्या माशाची किंमत अशा घरांनी मोजली आहे, हे सणाच्या दिवशीही आपण विसरू नये.

तारापूरच्या संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 1969 पासून चालत असलेले अणुऊर्जा केंद्र आणि डहाणूचे औष्णिक केंद्र थंडाव्यासाठी पाणी वापरतात आणि ऊन झालेले पाणी परत सोडतात. घिवली, दांडी, उच्छेळीच्या माणसांना त्याची काळजी वाटणे स्वाभाविक आहे. अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांनी तर विजेसाठी गावठाणही सोडले. पण केंद्राच्या तोंडाशी वाढणारी उष्णता आणि सबंध अरबी समुद्राला चढलेला ताप या दोन निराळ्या बाबी आहेत. पहिलीचा परिणाम काही अंतरापर्यंतचा, भरती-ओहोटीत विरघळणारा, आणि नियमित मोजणीने ताब्यात ठेवता येणारा. दुसरीचा परिणाम झाईपासून केरळापर्यंतचा. दोन्हींची सरमिसळ केली तर पहिलीचा जाब विचारायचा राहून जातो आणि दुसरीची तयारीही होत नाही. त्या मोजणीचे आकडे गावाच्या चावडीवर दर महिन्याला लागावेत, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. वाढवणला बंदर उभे राहत आहे. तिथल्या भरावाने प्रवाह बदलले, तर पाणी कुठे साचेल आणि कुठे तापेल, हेही आजपासूनच नोंदले गेले पाहिजे.

आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाकडे पाहिले की या सगळ्यात वाट दिसते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. तसेच सोडले असते तर श्रावण कधी उन्हाळ्यात आला असता. पण पंचांगकर्त्यांनी आकाशाचे निरीक्षण सोडले नाही, फरक साचू लागला की अधिक महिना घातला, आणि सण ऋतूला धरून ठेवला. म्हणून नारळी पौर्णिमा पुढेमागे झाली तरी पावसाच्या उतरणीलाच येते. मूळ रूढी तशीच ठेवून मोजणीने तिला सुधारत राहणे, ही आपली जुनी रीत आहे. पाण्याचे पंचांग सरकले आहे, तर त्याच रीतीने आपणही आपली मोजणी सुधारायला हवी. बंदीचा काळ पिल्लांच्या वाढीकडे आणि पाण्याच्या स्थितीकडे पाहून ठरावा, गरज असेल तेव्हा तो पुढेमागे व्हावा, आणि त्या दिवसांची भरपाई खलाशापर्यंत पोचावी. शासनाने 2023 साली 54 जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवून दिले. त्याची अंमलबजावणी बंदरावर जितकी, तितकीच आपल्या स्वयंपाकघरातून होईल. तळहाताहून लहान पापलेट आपण विकत घेतला नाही तर तो पकडण्यात कोणाला लाभ उरणार नाही.

आणि एक काम तर कोळीवाड्यांनी आजच हाती घ्यावे. सातपाटीसारख्या गावांत मच्छीमार सहकारी संस्थांची परंपरा कित्येक दशकांची आहे; बर्फ, डिझेल, विक्री यांचे चोपडे त्यांनी काटेकोर ठेवले. त्याच चोपड्यात आणखी तीन रकाने पडावेत. जाळे कुठे टाकले, किती वाव पाण्यात टाकले, आणि पाणी किती ऊन होते. साधा तापमापक आणि नौकेवरचे दिशादर्शक यंत्र एवढ्यावर हे होते. ढगांमुळे उपग्रह आंधळा असतो त्या ऑगस्ट-सप्टेंबरातली ही नोंद जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला सोन्याच्या मोलाची वाटेल, आणि दहा वर्षांनी आपल्याच मुलांना तिच्यावरून कळेल की पापलेट कोणत्या महिन्यात, कोणत्या पाण्यात गेला. मत्स्यव्यवसाय विभागाने आणि संशोधन संस्थांनी या नोंदी सन्मानाने मागून घ्याव्यात, आणि त्यांतून निघालेला निष्कर्ष मराठीत बंदरावर परत आणून द्यावा. नारळ वाहून परतल्यावर पहिल्या फेरीला निघणाऱ्या प्रत्येक तांडेलाने हा पहिला आकडा लिहावा, आणि संस्थांनी या मोसमापासूनच चोपड्यात तो रकाना उघडावा, एवढी विनंती.